औषध तेच, पण पेशी झोपलेली की जागी?

(वैरागमध्ये तरुण मंडळींसमोर झालेल्या भाषणाचं हे लेखी रूप. एपिसोड ऐकायला वेळ नाही अशांसाठी लिहून काढलंय. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागं आवाज पोचतोय ना? मग सुरू करू या.

आजचा विषय आहे रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांना अडवणारी औषधं. पण सुरुवात रानातून करतो. कारण इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला आहे.

सोयाबीन पेरलं की तणनाशकाचा प्रश्न येतो. एक प्रकार पेरल्यावर दोन-तीन दिवसांत, तण उगवायच्या आत मारायचा. पेंडीमेथॅलिन हे त्यातलं. दुसरा प्रकार तण उगवून चार पानांवर आलं की मारायचा. गवतासाठीचं क्विझालोफॉप हे त्यातलं. आता पहिलं औषध तुम्ही तण वीतभर वाढल्यावर मारलं तर काय होईल? पैसे पाण्यात. आणि दुसरं औषध मातीत पडलेल्या बियांवर मारलं तर? बी तसंच झोपून राहील आणि पुढच्या पावसाला वर येईल.

औषध बोगस होतं का? नाही. औषध खरंच होतं. तण ज्या अवस्थेत असायला पाहिजे होतं, त्या अवस्थेत ते नव्हतं.

आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशींचं हुबेहूब असंच आहे. पेशी झोपलेली असताना एक औषध तिच्यावर चालतं, जागी झाल्यावर तेच औषध चालत नाही. काही औषधांचं बरोब्बर उलटं. आणि ही फक्त लॅबमधली गंमत नाही. घरात कुणाची किडनी बदललेली असेल, कुणाला आमवात असेल, कुठल्या लेकराला ब्लड कॅन्सर झालेला असेल, तर गोळी कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची, बरं वाटलं तरी का घ्यायची, या सगळ्याचं उत्तर इथं दडलंय.

रिपोर्टमध्ये आकडा असतो, अवस्था नसते

तुम्ही सीबीसीचा रिपोर्ट बघितला असेल. त्यात डब्ल्यूबीसी काउंट असतो. साधारण ४,००० ते ११,००० म्हणजे नॉर्मल. हा आकडा एका मायक्रोलिटरमधला असतो. म्हणजे एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच, एवढ्याशा थेंबातला.

खाली टक्केवारी असते. न्यूट्रोफिल सगळ्यात जास्त. हे पहिल्या फळीचे गडी, रक्तात आले की जेमतेम दिवसभर टिकतात. दुसरे लिम्फोसाइट. त्यांच्यातले काही वर्षानुवर्षं जगतात. लहानपणी घेतलेली लस मोठेपणी कामाला येते ती यांच्यामुळंच.

पण हा रिपोर्ट तुम्हाला फक्त मोजणी सांगतो. त्यातल्या किती पेशी झोपल्यात आणि किती जाग्या आहेत, ते त्यात लिहिलेलं नसतं.

झोपलेली म्हणजे काय? शरीरात फिरणारा एखादा साधा लिम्फोसाइट बघा. छोटासा, सहा-सात मायक्रॉनचा. खाणं कमी, काम कमी, विभाजन नाही. नुसती गस्त. त्याला ओळखीचा शत्रू सापडला आणि शेजारच्या पेशीनं दुजोरा दिला की तो जागा होतो. यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात. मग तो आकारानं वाढतो, साखर भराभर जाळायला लागतो, नवीन प्रथिनं बनवतो. साधारण दिवस-दीड दिवसानं तो दुभंगतो, एकाचे दोन होतात. आणि मग दर काही तासांनी दुप्पट, दुप्पट, दुप्पट. गळ्यात गाठ येते ना घसा बसल्यावर? तिथं हाच कारखाना चालू झालेला असतो.

म्हणजे नाव तेच, पेशी तीच, पण आतली यंत्रं बदलली. रात्री बंद असलेली पिठाची गिरणी आणि दिवाळीच्या आधीची तीच गिरणी, एवढा फरक.

इनहिबिटर म्हणजे काय

इनहिबिटर म्हणजे अडवणारं रसायन. पेशीच्या आत हजारो छोटी यंत्रं असतात. त्यातल्या एखाद्याच यंत्रात जाऊन हे रसायन खुंटी मारतं.

आता तुम्हीच विचार करा. जे यंत्र चालूच नाही, त्यात खुंटी मारून काय उपयोग? आणि एक यंत्र बंद पडलं की पेशीनं दुसरं चालू केलं, तर पहिल्यातल्या खुंटीचा काय उपयोग? पेशीच्या अवस्थेनुसार औषधाचा परिणाम का बदलतो, त्याची ही दोन मोठी कारणं. आता एकेक उदाहरण घेऊ.

पहिलं: उगवायच्या आत मारायचं औषध

किडनी ट्रान्सप्लांट झालेला माणूस आपल्या भागात आता नवलाचा राहिलेला नाही. आईनं पोराला दिली, बायकोनं नवऱ्याला दिली, अशा गोष्टी तुम्ही ऐकल्यात. ऑपरेशननंतर बहुतेकांना टॅक्रोलिमस नावाचं औषध असतं, साधारणपणे दर बारा तासांनी. त्याच्याआधी सायक्लोस्पोरिन आलं होतं. ते नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीतून मिळालं. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूतून मिळालं, १९८४ मध्ये.

ही दोन्ही औषधं एकाच ठिकाणी अडवतात. लिम्फोसाइट जागा होताना त्याच्या आत कॅल्शियम वाढतं. त्यामुळं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम चालू होतं. ते एका निरोप्याला मोकळं करतं, निरोप्या पेशीच्या केंद्रात जातो आणि सांगतो, "उठा, आयएल-२ बनवा." आयएल-२ म्हणजे फौज वाढवायचा हुकूम. टॅक्रोलिमस त्या कॅल्सिन्युरिनलाच दाबतं. निरोप्या दारातच अडकतो.

पण हुकूम एकदा सुटला, पेशी जागी झाली, वाढायला लागली, त्यानंतर हे औषध टाकलं तर? लॅबमध्ये असे प्रयोग झालेत. पेशींना जागं करताना औषध सोबत असेल तर त्या उठत नाहीत. तेच औषध उशिरा, पेशी चांगल्या जाग्या झाल्यावर घातलं तर परिणाम बराच कमी होतो. हे पेरल्यावर लगेच मारायचं तणनाशक आहे, मंडळी.

आता घरातलं चित्र बघा. ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झाली. माणूस ठणठणीत. लग्नसराई आहे, प्रवास आहे, दोन डोस राहिले. काहीच झालं नाही. मग चार राहिले. तेव्हाही काही झालं नाही. त्याला वाटतं, "गोळीची गरजच नाहीये बहुतेक." पण बाहेरून आलेली किडनी शरीराला रोज परकीच दिसते. गोळीचा पहारा उठला की पेशी जाग्या व्हायला लागतात. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, फक्त क्रिएटिनिन वाढतं. आणि मग "राहिलेल्या गोळ्या आता एकदम घेतो" म्हणून भागत नाही. जाग्या पेशींना आवरायला स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं, कधी त्याहून कडक औषधं लागतात. आणि तरीही किडनी वाचेलच असं नाही.

म्हणून डॉक्टर वेळेवर एवढा जोर देतात. मोबाईलला अलार्म लावा. ज्याची किडनी आहे त्याच्याही, आणि घरातल्या अजून एकाच्याही.

इथंच एक छोटी गोष्ट सांगतो. सिरोलिमस नावाचं अजून एक औषध आहे. प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटाच्या मातीतून ते मिळालं. त्याच्यावर काम केलं सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. कंपनीनं तिथली लॅब बंद केली, तेव्हा या माणसानं तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये ते औषध अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी मंजूर झालं. गंमत म्हणजे सिरोलिमस आणि टॅक्रोलिमस पेशीत शिरल्यावर एकाच प्रथिनाला चिकटतात. पण टॅक्रोलिमस हुकूम सुटू देत नाही, आणि सिरोलिमस हुकूम सुटल्यावर त्याची अंमलबजावणी अडवतं. एक पायरी आधी, एक पायरी नंतर.

दुसरं: उगवल्यावरच चालणारं औषध

आता उलटी बाजू. ट्रान्सप्लांटच्या चिठ्ठीवर अजून एक नाव असतं, मायकोफेनोलेट. पेशी दुभंगायची म्हणजे तिला नवीन डीएनए लागतो, आणि डीएनएसाठी कच्चा माल लागतो. शरीरातल्या बऱ्याच पेशी जुना माल परत वापरून भागवतात. जागा झालेला लिम्फोसाइट मात्र नवीन माल बनवण्यावर अवलंबून असतो, कारण त्याला फार घाई असते. त्या कारखान्यातलं एक एन्झाइम मायकोफेनोलेट अडवतं. त्या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत. जाग्या लिम्फोसाइटमध्ये ज्याची चलती असते, त्या दुसऱ्या प्रकारावर औषध चार-पाच पट जास्त जोरात चालतं. झोपलेल्या पेशीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिला नवीन माल नकोच आहे.

म्हणून एकाच माणसाला दोन वेगवेगळी औषधं असतात. एक उठू देत नाही, दुसरं उठलेल्याला वाढू देत नाही. "दोन-दोन गोळ्या कशाला, एक बंद केली तर चालेल की" असं कुणी घरी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगा.

मेथोट्रेक्सेट याच घराण्यातलं. आमवाताला देतात. लॅबमध्ये असं दिसलंय की ते जाग्या लिम्फोसाइटना मरणाकडं ढकलतं, झोपलेल्यांना हात लावत नाही. आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच असतं. एकदाच! चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, काउंट कोसळतो, जीवावर बेततं. घरात आजी-आजोबा घेत असतील तर पाकिटावर पेनानं वार लिहून ठेवा. "फक्त रविवार" असं मोठ्या अक्षरात.

मातीतलं झोपलेलं बी

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला माहीत आहे. पण तिथं १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालते, हे किती जणांना माहीत आहे? भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा, भूम इकडच्या गावांमधली. आपला तालुका देशाच्या कॅन्सरच्या अभ्यासात आहे, आणि आपल्यालाच ते ठाऊक नसतं.

लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो एएलएल. पांढऱ्या पेशी बिघडतात आणि वाढत सुटतात. १९४८ साली अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी अशा मुलांवर पहिल्यांदा ॲमिनोप्टेरिन वापरून काही काळ आजार मागं हटल्याचं दाखवलं. हे औषध बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. मेथोट्रेक्सेट हा त्याच औषधाचा धाकटा भाऊ.

या आजारात पहिल्या काही आठवड्यांच्या केमोनंतर बऱ्याच मुलांचा रिपोर्ट स्वच्छ येतो. मूल खेळायला लागतं, जेवायला लागतं. आणि डॉक्टर म्हणतात, अजून दोन वर्षं तरी उपचार आहेत. घरचे चक्रावतात. "रिपोर्ट चांगला आलाय, मग कशाला?"

कारण केमोची बरीच औषधं दुभंगणाऱ्या पेशीवर चालतात. फवारणीत उभं तण मेलं. पण काही बिघडलेल्या पेशी त्या वेळी झोपलेल्या असतात, बियांसारख्या. त्यांच्यापर्यंत औषध पोचूनही काही होत नाही. त्या पुढं कधीतरी जाग्या होणार. त्या उठतील तेव्हा औषध समोर हजर पाहिजे. म्हणून रोजची मर्कॅप्टोप्युरीनची गोळी आणि आठवड्याचं मेथोट्रेक्सेट, महिनोन्महिने. हे उपचार मधेच सोडले तर आजार उलटायचा धोका वाढतो. गाडीभाडं, बुडालेला रोजगार, सगळं खरं आहे. पण अडचण असेल तर उपचार बंद करायच्या आधी हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाला जाऊन भेटा. योजना असतात, मदत मिळू शकते.

तिसरं: जागी झाली आणि निसटली

आता सगळ्यात बेरकी प्रकार. प्रत्येक पेशीच्या आत मरायचं बटण असतं, आणि ते दाबलं जाऊ नये म्हणून राखणदार प्रथिनं असतात. झोपलेला लिम्फोसाइट बीसीएल-२ नावाच्या राखणदाराच्या भरवशावर जगतो. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध त्या राखणदारालाच बाजूला करतं. २०१६ मध्ये ते अमेरिकेत सीएलएल या म्हातारपणीच्या ब्लड कॅन्सरसाठी मंजूर झालं.

पण पेशी जागी झाली की ती अजून राखणदार ठेवते. बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१. आता व्हेनेटोक्लॅक्सनं एकाला हटवलं तरी बाकीचे उभेच. त्यामुळं तीच पेशी, तेच औषध, तोच डोस, आणि झोपलेली मरते पण जागी तग धरते. सीएलएलच्या पेशींना गाठींमध्ये शेजारी सतत जागं ठेवत असतात, म्हणून तिथल्या पेशी जास्त चिवट.

इब्रुटिनिब नावाच्या दुसऱ्या औषधानं या पेशी गाठीतून बाहेर, रक्तात येतात. मग काय होतं? गाठी बारीक होतात आणि रिपोर्टमधला काउंट मात्र वाढतो. घरचे घाबरतात, "औषध उलटं पडलं!" तसं नसतं. गाठीत लपलेले रस्त्यावर आलेत एवढंच. म्हणून नुसता आकडा बघून गूगलवर निदान करू नका. फोन करून डॉक्टरांना विचारा.

स्टिरॉइड: सगळ्यात ओळखीचं, सगळ्यात गैरवापर झालेलं

कोविड आठवतोय ना? १६ जून २०२० ला ब्रिटनमधून रिकव्हरी नावाच्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये २६ वरून २३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना? काहीच फायदा नाही. उलट आकडा तोट्याकडंच झुकलेला होता.

औषध एकच. पण आजाराच्या सुरुवातीला पांढऱ्या पेशी विषाणूशी लढत असतात, त्यांना दाबायचं नसतं. शेवटच्या टप्प्यात त्याच पेशी भडकून फुफ्फुसच जाळायला लागतात, तेव्हा दाबावं लागतं.

हे आपल्याकडं व्हॉट्सॲपवर कसं पोचलं? "कोविडला डेक्सा घ्या." कधी घ्यायचं ते गळून पडलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिस बघितला, लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. शुगर आणि स्टिरॉइडचा वारेमाप वापर, ही त्याची मोठी कारणं होती.

आणि हे संपलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणून विनाचिठ्ठी मिळणारी गोळी, पुडीतली पावडर, "एका दिवसात फरक" वाली. त्यात स्टिरॉइड असू शकतं. त्यानं बरं वाटतं, हे खरं. पण शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि ताप न येता जंतुसंसर्ग आत पसरतो. अजून एक. स्टिरॉइड घेतल्यावर डब्ल्यूबीसी काउंट वाढलेला दिसतो, कारण रक्तवाहिनीच्या कडेला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि जास्त वेळ जगतात. त्याच वेळी लिम्फोसाइट कमी होतात. डॉक्टरांना गोळीचं सांगितलंच नाही, तर त्यांना वाटेल इन्फेक्शन आहे. म्हणून लपवू नका.

आणि बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तर आजचं ऐकून उद्या अचानक बंद करू नका. तेही धोक्याचं. डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

मुद्दाम जागं करायचं

शेवटचं, आणि हे मुंबईचं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून नेक्सकार-१९ ही उपचारपद्धत तयार केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. यात रुग्णाचेच टी लिम्फोसाइट काढून, लॅबमध्ये त्यांना जागं करून, कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. इथं पेशी जागी असणं हेच औषध.

पण जाग्या फौजेला लगाम लागतोच. ती भडकली तर टोसिलिझुमॅब, स्टिरॉइड देतात. डासाटिनिब नावाच्या कॅन्सरच्याच जुन्या गोळीनं या पेशींना तात्पुरतं झोपवता येतं आणि गोळी थांबवली की त्या परत उठतात, असं संशोधनात दिसलंय. म्हणजे झोप आणि जाग, दोन्ही आता हातात यायला लागलेत.

घरी जाऊन काय करायचं

चारच गोष्टी सांगतो, मोबाईलमध्ये टिपून घ्या.

एक. घरात कुणालाही पांढऱ्या पेशींवरचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, "डोस चुकला तर काय करायचं?" चुकायच्या आधी विचारा.

दोन. रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी यांचा एकत्र फोटो काढा, तारखेसकट. आकड्याला अर्थ यायला सोबत औषध दिसावं लागतं.

तीन. केमो किंवा ही दाबणारी औषधं चालू असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री हॉस्पिटल.

चार. "मला पण तोच त्रास होता, ही घे गोळी" हे बंद. त्याच्या पेशी तेव्हा कुठल्या अवस्थेत होत्या आणि तुमच्या आज कुठल्या आहेत, हे त्याला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

तणनाशकाचा डबा विकत घेतल्यावर आपण वाचतो ना, किती पानांवर मारायचं? तेवढी चौकशी घरातल्या माणसाच्या गोळीची पण करा.

प्रश्न असतील तर खाली लिहा, पुढच्या भागात घेऊ. ज्याच्या घरी ट्रान्सप्लांटचा किंवा केमोचा पेशंट आहे, त्याला हा भाग आवर्जून पाठवा. काळजी घ्या. भेटू लवकरच.